निर्मल हृदय, कालीघाट: एका निवृत्त नर्सचा अभिप्राय

मी आयुष्यभर सरकारी रुग्णालयांत नर्सिंग केलं. शिक्षण मिरजेला झालं, नोकरी बदल्यांमागून बदल्या घेत झाली. निवृत्त झाल्यावर कोलकात्याला जाऊन मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटी या संस्थेच्या कालीघाटच्या निर्मल हृदयमध्ये, म्हणजे निराधार मरणासन्न माणसांसाठीच्या घरात, थोडे दिवस स्वयंसेविका म्हणून राबले. या जागेविषयी आपल्याकडे दोनच प्रकारचं बोललं जातं. एक हात जोडून, दुसरं बोट रोखून. तिथल्या खाटेवर पडलेल्या माणसाच्या वाट्याला नेमकं काय येतं, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. मला तेच बघायचं होतं आणि या अभिप्रायात तेच लिहिते आहे.

निकाल आधीच सांगून टाकते. अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं, घाण झालेली चादर लगेच काढणं, म्हणजे ज्याला आम्ही बेसिक नर्सिंग म्हणतो, ते इथे ज्या मनापासून होतं तसं मी फार थोड्या ठिकाणी पाहिलं. वैद्यकीय उपचारांचा इतिहास मात्र तितका स्वच्छ नाही आणि त्याबद्दलही मी खाली सविस्तर लिहिणार आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

जागा कालीमातेच्या देवळाला अगदी लागून आहे. जास्वंदीच्या लाल माळा, शंखाच्या बांगड्या, पेढे यांची दुकानं आणि दर्शनाला नेतो म्हणून मागे लागणारे पंडे यांच्यातून वाट काढत गेलं की दार येतं. इमारत मुळात यात्रेकरूंची धर्मशाळा होती. १९४३ च्या दुष्काळात बंगालच्या खेड्यांतून माणसं अन्नासाठी कोलकात्यात आली आणि फुटपाथवर मेली. १९४६ च्या ऑगस्टमध्ये दंगल झाली, पुढच्या वर्षी फाळणी, मग पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे. शहराची रुग्णालयं तुडुंब भरलेली. वाचण्याची आशा नाही अशा माणसासाठी खाट अडवून ठेवायला कुणी तयार नसे. अशा माणसांना निदान छपराखाली मरू द्या, मला एक जागा द्या, असं मदरनी महापालिकेकडे मागितलं आणि ही धर्मशाळा मिळाली. २२ ऑगस्ट १९५२ ला काम सुरू झालं.

देवळाच्या अंगणात एक ख्रिस्ती बाई मरणाऱ्यांना आणून ठेवते म्हटल्यावर विरोध झालाच. पुढे त्याच देवळातला एक पुजारी संसर्गाच्या आजाराने खंगला, त्याला कुणी ठेवून घेईना, तेव्हा सिस्टरांनी त्याला इथे आणून शेवटपर्यंत त्याचं सगळं केलं आणि विरोध निवळत गेला, असं तिथे सांगतात.

स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवायचं ते इथे नाही, ए.जे.सी. बोस रोडवरच्या शिशुभवनात, म्हणजे संस्थेच्या बालगृहात. ठरावीक दिवशी दुपारी नोंदणी होते, ओळखपत्र लागतं. वेळा बदलतात, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करा. पैसे घेत नाहीत आणि राहायची सोयही करत नाहीत. बरेचजण सडर स्ट्रीटच्या आसपास स्वस्तात खोली बघतात. सकाळी सातच्या सुमाराला मदर हाउसमध्ये, म्हणजे संस्थेच्या मुख्य घरी, जमायचं. तिथे पाव, केळं आणि चहा मिळतो, एक छोटी प्रार्थना होते, ज्यांचा शेवटचा दिवस असेल त्यांच्यासाठी सगळे मिळून गाणं म्हणतात आणि मग जो तो संस्थेच्या ज्या घरात काम करतो तिकडे निघतो. कुणी प्रेमदानला, कुणी दयादानला, कुणी शिशुभवनला. कालीघाटला आम्ही बसने जायचो. मेट्रोनेही जाता येतं.

आत गेल्यावर दोन लांब दालनं, एक पुरुषांचं, एक बायकांचं. ठेंगण्या खाटांच्या ओळी. मधल्या भागात स्वयंपाक, भांडी आणि धुणं. मी नर्स असल्याचं सांगितल्यावर सिस्टरांनी मला बायकांच्या दालनात पाठवलं.

कुठल्याही वॉर्डात शिरले की मी आधी पेशंटची पाठ बघते आणि मग टाचा. केसपेपर नंतर. उपाशी, वाळलेल्या शरीरात माकडहाडावरची कातडी काही तासांच्या दाबाने लाल होते, दुसऱ्या दिवशी फुटते आणि एकदा का तिथे खड्डा पडला की तो भरायला महिने जातात, कित्येकदा भरतच नाही. दर दोन तासांनी कूस बदलणं हा त्यावरचा एकमेव खात्रीचा उपाय. त्याला काही किंमत पडत नाही, फक्त माणूस लागतो. म्हणूनच आपल्याकडे सगळ्यात आधी तोच सुटतो. इथे मी ज्यांच्या पाठी पाहिल्या, त्यांत रस्त्यावरून येतानाच घेऊन आलेल्या जखमा होत्या, काही भयंकर होत्या. खाटेवर पडून झालेली नवी जखम माझ्या नजरेला पडली नाही. नर्सिंग केलेल्या माणसाला या एका वाक्याचं वजन कळेल.

हे काम तिथे मुख्यतः माशी करतात. माशी म्हणजे पगारावर असलेल्या स्थानिक बायका, आपल्या दवाखान्यातल्या मावशी. त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून मी मुद्दाम लिहिते. सिस्टर बदलतात, परदेशी मुलं येतात आणि जातात, पण कुणाला कुठल्या कुशीवर झोप लागते, कोण डाळ खात नाही, कोण रात्री घाबरून उठते, ते माशींना ठाऊक असतं. एक वयस्क माशी चादर अशी बदलायची की खाटेवरच्या बाईच्या तोंडून कण्हणंसुद्धा यायचं नाही. अर्धी चादर गुंडाळून पाठीशी सरकवायची, कूस बदलायची, दुसऱ्या बाजूने ओढून घ्यायची. आम्हाला ट्रेनिंगला पहिल्या वर्षी हेच शिकवतात. पण तिच्या हाताला ते काम इतकं मुरलं होतं की मी काही वेळ नुसती बघत उभी राहिले.

सकाळचा मोठा भाग धुण्यात जातो. मी होते तेव्हा सगळं हातानेच होत होतं. चादरी, गाऊन, पांघरुणं, घाण झालेली दुपटी. एक जण साबणात, एक जण पाण्यात, दोघं मिळून पिळायला, मग बादल्या उचलून गच्चीवर वाळत घालायला. माझ्या शेजारी एक स्पॅनिश मुलगा होता. तो घरी मशीनशिवाय कपडे धूत नसणार हे त्याच्या पिळण्यावरून कळत होतं, पण त्याने एकही दिवस काम टाळलं नाही. मशीन का घेत नाहीत, असा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. गरिबांसारखंच राहायचं हे या संस्थेचं व्रत आहे. सिस्टरांकडे तीन साड्या असतात, एक अंगावर, एक धुण्यात, एक वाळत. त्यांनी स्वतःसाठी तसं राहावं, मला त्याबद्दल आदर आहे. रुग्णाच्या चादरीला मात्र मी मशीन आणि उकळतं पाणी दोन्ही मागेन. जंतुसंसर्गाला व्रत कळत नाही.

भरवण्याचं सांगते. एका आजीला गिळायला त्रास होता. तिला पातळ खिचडी भरवायचं काम एका जपानी मुलीकडे होतं. तिला बांगला येत नव्हती, आजीला बांगलाशिवाय काही येत नव्हतं. ती मुलगी आजीला नीट टेकवून बसवायची, हनुवटी थोडी खाली धरायची, अर्धा चमचा घास, मग गळ्याकडे बघत थांबायची. घास खाली उतरला की पुढचा. एका वाटीला पाऊण तास. मी कुठल्या वॉर्डात एका पेशंटला पाऊण तास दिला असता? पन्नास-साठ खाटा आणि रात्रपाळीला एकटी नर्स, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार साध्या वॉर्डात पाच रुग्णांमागे एक नर्स हवी. निकष कागदावर राहतो आणि घाईघाईत भरवलेला घास श्वासनलिकेत जातो.

इथे मला माझ्या नोकरीतलं एक सांगावं लागेल, त्याशिवाय माझं म्हणणं नीट पोचणार नाही. मी काम केलेल्या एका रुग्णालयात पोलीस रस्त्यावर सापडलेली माणसं आणून टाकत. रजिस्टरला नाव 'अननोन मेल', 'अननोन फीमेल', पुढे अंदाजे वय. त्यांची जागा वॉर्डाच्या व्हरांड्यात. जखमेत अळ्या असायच्या. टर्पेंटाईनचा बोळा धरून त्या एकेक काढायच्या, ड्रेसिंग करायचं, सलाईन लावायचं. इतकं आम्ही करत होतो. पण नंतर? बेडपॅन कोण देणार? बाहेरच्या दुकानातून औषध कोण आणणार? एक्स-रेला कोण ढकलत नेणार? कॅन्टीनचं जेवण पोत्यावर ठेवून कर्मचारी निघून गेला तर ते तोंडात कोण घालणार? आपल्या दवाखान्यांची सगळी व्यवस्था गृहीत धरते की पेशंटबरोबर एक नातेवाईक आहे. आपण दाखल करताना पहिला प्रश्न विचारतो तोच मुळी, बरोबर कोण आहे? नातेवाईक हा आपल्या आरोग्यव्यवस्थेतला बिनपगारी, बिननोंदणीचा कर्मचारी आहे. ज्याला तो नाही, त्याला डॉक्टर मिळतो, औषधही मिळतं, आणि तरी तो मरतो.

निर्मल हृदयने ही रिकामी जागा भरली. माझ्या मते मदरच्या सगळ्या कामाचं मर्म यात आहे. त्यांनी हॉस्पिटल काढलंच नाही. ज्याच्याबरोबर कुणी नाही त्याच्याबरोबर येणारं माणूस त्यांनी तयार केलं आणि तसं माणूस घडवण्याची पद्धत बसवली. संस्थेतल्या सिस्टर ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन या नेहमीच्या तीन व्रतांबरोबर चौथं व्रत घेतात, अतिगरिबांची मनापासून आणि विनामूल्य सेवा. या चौथ्या व्रतामुळे पैसे भरू शकणाऱ्यांकडे हळूहळू सरकत जायची वाटच बंद होते. चांगल्या हेतूने निघालेली आणि पुढे स्पेशल रूमवर चालू लागलेली धर्मादाय रुग्णालयं मी पाहिली आहेत, त्यामुळे या व्रताची किंमत मला जास्त वाटते.

आता टीकेकडे येते. १९९४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाचे संपादक रॉबिन फॉक्स निर्मल हृदयला आले आणि त्यांनी जे पाहिलं ते लिहिलं. डॉक्टर अधूनमधून येतात, रोजचे निर्णय सिस्टर आणि स्वयंसेवक घेतात. बरा होऊ शकणारा कोण आणि न होणारा कोण, हे पद्धतशीर ठरवलं जात नाही. आणि तीव्र वेदनेवर जोरकस वेदनाशामक नाही. स्वच्छता, जखमांची काळजी आणि मायेचं वागणं त्यांनी मान्य केलं होतं, हे टीका उद्धृत करणारे बहुधा गाळतात. इंजेक्शनच्या सुया धुऊन पुन्हा वापरल्या जात असल्याचं त्या काळातल्या काही माजी स्वयंसेवकांनीही सांगितलं आहे.

यावर मदरच्या बाजूने एक उत्तर दिलं जातं आणि ते अर्धं खरं आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर भारतात मॉर्फिन, म्हणजे अफूपासून बनणारं जोरकस वेदनाशामक, मिळवणं फार कठीण झालं. एका गोळीसाठी परवान्यांची रांग. मोठमोठ्या रुग्णालयांनी भानगड नको म्हणून मॉर्फिन ठेवणंच सोडलं. ज्या देशात कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटला मोठ्या हॉस्पिटलात मॉर्फिन मिळत नव्हतं, तिथे कालीघाटच्या धर्मशाळेत ते का नाही, हा प्रश्न एकट्या मदरला विचारणं अन्यायाचं आहे. कायद्यात सुधारणा व्हायला २०१४ साल उजाडलं.

पण उरलेलं अर्धं असं की त्याच काळात, त्याच कायद्याखाली, काहींनी ते मिळवलं. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये शांती आवेदना सदन सुरू झालं, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांची शेवटपर्यंत काळजी घेणारं ठिकाण. तिथेही शुश्रूषेला नन्सच होत्या. केरळात कोझिकोडला १९९३ मध्ये डॉक्टरांनी वेदनाशमनाचं काम उभं केलं आणि परवान्यांसाठी सरकारदरबारी खेटे घालून तोंडाने घ्यायचं मॉर्फिन गरिबाच्या घरापर्यंत पोचवलं. जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनेसाठी औषधांच्या चढत्या पायऱ्या १९८६ मध्येच सांगून ठेवल्या होत्या. मदरचा शब्द पंतप्रधानांपर्यंत पोचत होता. १९६२ ला पद्मश्री, १९७९ ला नोबेल, १९८० ला भारतरत्न. त्यांनी परवान्यासाठी शब्द टाकला असता तर कालीघाटच्याच नव्हे, देशातल्या कितीतरी खाटांवरची माणसं शांत झोपली असती. नातेवाइकाची जागा घेतली की नातेवाइकाचं कर्तव्यही आलं: डॉक्टरच्या मागे लागणं, याला दुखतंय, काहीतरी द्या म्हणून भांडणं. दुःखातून माणूस ख्रिस्ताच्या जवळ जातो, असं मदर मानत. त्यांच्या श्रद्धेचा मी मान ठेवते. वॉर्डात मात्र माझी श्रद्धा दर चार तासांनी, घड्याळ लावून दिलेल्या मॉर्फिनवर आहे. हाडात पसरलेला कॅन्सर काय असतो ते ज्याने रात्रभर ऐकलं आहे, तो यात तडजोड करणार नाही.

आर्थिक हिशेब लोकांसमोर मांडत नाहीत, ही टीकाही जुनी आहे. मला ती पटते. जगभरातून देणग्या घेणाऱ्या संस्थेने जमाखर्च सगळ्यांना दिसेल असा ठेवावा.

धर्मांतराबद्दल मला सगळ्यात जास्त विचारलं गेलं, त्याबद्दल जेवढं पाहिलं तेवढंच सांगते. माझा धर्म कुणी विचारला नाही. प्रार्थनेला उभं राहणं ऐच्छिक होतं. मरणाऱ्याला त्याच्या धर्माप्रमाणे निरोप द्यायचा, हिंदूच्या तोंडात गंगाजल, मुसलमानासाठी कुराण, कॅथलिकाला त्यांचा शेवटचा संस्कार, हा तिथला सांगितला जाणारा नियम आहे. मरणाऱ्यांना गुपचूप बाप्तिस्मा दिला जात असल्याचा आरोप संस्थेत पूर्वी राहिलेल्या एका सिस्टरने जाहीरपणे केलेला आहे. मी असं काही पाहिलं नाही.

सुट्टीच्या वेळात मदर हाउस सावकाश पाहा. ५४ए, ए.जे.सी. बोस रोड. १९५३ पासून संस्थेचं मुख्य घर हेच. तळमजल्यावर मदरची समाधी आहे, साध्या पांढऱ्या रंगाची, वर झेंडूच्या पाकळ्यांनी रोज एखादं छोटं वचन लिहिलेलं. शेजारी लहानसं प्रदर्शन, त्यांच्या चपला, वाडगा, पत्रं. जिना चढून गेलं की त्यांची खोली बाहेरून पाहता येते. अरुंद खाट, टेबल, भिंतीवर काट्यांचा मुकुट. खोली स्वयंपाकघराच्या वर आहे आणि पंखा नाही. कोलकात्याचा मे महिना ज्याला माहीत आहे त्याने कल्पना करावी.

या प्रदर्शनात त्यांचा प्रवास नीट कळतो. १९१० साली स्कोप्येमध्ये जन्म, अठराव्या वर्षी नन व्हायला घर सोडून आयर्लंड, १९२९ च्या जानेवारीत कोलकाता. एंटालीच्या सेंट मेरीज शाळेत वर्षानुवर्षं शिकवलं, मुख्याध्यापिकाही झाल्या. १० सप्टेंबर १९४६ ला दार्जिलिंगच्या गाडीत बसल्या असताना त्यांना वाटलं की मठ सोडून गरिबांत जाऊन राहायचं आहे. परवानगी मिळायला जवळजवळ दोन वर्षं गेली. १९४८ च्या ऑगस्टमध्ये निळ्या काठाची पांढरी साडी नेसून त्या बाहेर पडल्या.

आणि बाहेर पडून आधी कुठे गेल्या? पाटण्याला, मेडिकल मिशन सिस्टरांच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये, नर्सिंगचं प्राथमिक शिक्षण घ्यायला. हे मला कधीच कुणी सांगितलं नव्हतं आणि मला ते फार आवडलं. अडतिसाव्या वर्षी, मुख्याध्यापिकेचं पद सोडून आलेली बाई ड्रेसिंग करायला, इंजेक्शन द्यायला, बाळंतपणात हाताशी उभं राहायला शिकली. आपल्या सिस्टर भात आणि मीठ खाऊन राहतील, असा त्यांचा बेत होता. पाटण्याच्या सिस्टरांनी त्यांना चांगलंच सुनावलं, की अशाने तुमच्या मुली क्षयाने मरतील आणि सेवा कुणाचीच होणार नाही. मदरनी ते ऐकलं. हट्टी म्हणून प्रसिद्ध असलेल्या बाईने जाणत्या माणसाचं ऐकलं होतं, हे मॉर्फिनबद्दल वाचताना मला सारखं आठवत राहिलं.

डिसेंबर १९४८ मध्ये मोतीझील वस्तीत काठीने जमिनीवर अक्षरं काढत त्यांची शाळा सुरू झाली. १९४९ च्या मार्चमध्ये त्यांची जुनी विद्यार्थिनी सुभाषिनी दास सगळ्यांत आधी येऊन मिळाली, तीच पुढे सिस्टर ॲग्नेस. ७ ऑक्टोबर १९५० ला संस्थेला मान्यता मिळाली. मदर ५ सप्टेंबर १९९७ ला गेल्या तेव्हा सिस्टरांची संख्या ४००० च्या घरात होती आणि काम १२० हून अधिक देशांत पोचलं होतं.

एक गोष्ट मात्र मला तिथून उठू देईना. मदरची खासगी पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळलं की काम सुरू केल्यानंतर जवळपास अर्धं शतक त्यांना देवाची जवळीक जाणवलीच नाही. प्रार्थनेत नुसता अंधार. काहींनी यावरून त्यांना ढोंगी ठरवलं. मला उलट त्या दिवशी त्यांच्याबद्दलचा सगळा परकेपणा गेल्यासारखं झालं. ड्युटीवर रोज मन भरून येत नाही. सलग मरणं पाहिलेल्या महिन्यात आतून काहीच वाटेनासं होतं, आणि तरी सहाच्या ठोक्याला टीपीआर, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास, मोजायचे असतात, नाकातून पोटात घातलेल्या रायल्स ट्यूबमधून दूध सोडायचं असतं, पाठ पुसायची असते. प्रार्थनागृहात मागच्या बाजूला, जिथे त्या जमिनीवर बसत, तिथे त्यांचा पुतळा बसवला आहे. समोरच्या भिंतीवर क्रूसाशेजारी 'मला तहान लागली आहे' या अर्थाचे दोन इंग्रजी शब्द आहेत. पन्नास वर्षं उत्तर न मिळता रोज तिथे येऊन बसायचं आणि मग उठून कामाला जायचं, याला काय लागत असेल ते मी तिथे बसून समजून घ्यायचा प्रयत्न केला.

वेळ असेल तर टिटागढलाही जा. सियालदाहून लोकल आहे. रेल्वेमार्गाच्या कडेला गांधीजी प्रेम निवास नावाचं कुष्ठरोग्यांचं केंद्र आहे, ते संस्थेचे ब्रदर चालवतात. जगभरातल्या सिस्टर नेसतात त्या निळ्या काठाच्या साड्या तिथल्या हातमागांवर कुष्ठरोगातून बरे झालेले लोक विणतात. ज्याने आनंदवन पाहिलं आहे त्या मराठी माणसाला ही जागा लगेच आपली वाटेल. बाबा आमटे आणि मदर दोघांनाही टेम्पल्टन पुरस्कार मिळाला, मदरना १९७३ मध्ये, बाबांना १९९० मध्ये. बाबांचा सगळा भर रुग्णाने स्वतःच्या कष्टावर उभं राहण्यावर होता आणि मला तो मार्ग जास्त पटतो. पण जो उभाच राहू शकत नाही, ज्याच्याकडे आठवडाभरच उरला आहे, त्याच्यासाठी कालीघाट लागतं.

कुणी जावं? ज्याला हाताने काम करायची सवय आहे आणि सांगितलेलं ऐकायची तयारी आहे त्याने. वैद्यकीय शिक्षण नसलं तरी चालतं. पाठीचा त्रास असेल तर धुण्याचं आणि उचलायचं काम नको म्हणून आधीच सांगा, भाज्या चिरणं, औषधाच्या वाट्या भरणं असं बसून करायचं पुष्कळ असतं. फोटो काढायला जात असाल तर जाऊ नका, त्या माणसांची परवानगी घेण्याइतकी त्यांची शुद्ध नसते. नखं कापून जा, केस घट्ट बांधा, सुती कपडे आणि न घसरणाऱ्या चपला घाला. हातमोजे स्वतःचे नेले तर उत्तम. जखमा हाताळणार असाल तर हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस घेऊन जा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा बरी असते. मुंबईहून गीतांजली आणि पुण्याहून आझाद हिंद थेट हावड्याला जाते.

नर्सिंग कॉलेज चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. आपल्या मुलींना आयसीयूची, ऑपरेशन थिएटरची पोस्टिंग मिळते. मॉनिटर वाचायला त्या लवकर शिकतात. पण मरणाऱ्या माणसाशेजारी काहीही न करता बसायला त्यांना कुणी शिकवत नाही आणि पहिल्या मृत्यूला त्या केसपेपरच्या आड लपतात. दोन आठवडे एखाद्या वेदनाशमन केंद्रात आणि दोन आठवडे अशा घरात, असं दोन्ही द्या. पहिल्या ठिकाणी औषध शिकतील, दुसऱ्या ठिकाणी बसणं.

कोलकाता लांब पडत असेल तर मुंबईत भायखळ्याला सांकली स्ट्रीटवर याच संस्थेचं आशा दान आहे. हिंदुस्तान लिव्हरने दिलेल्या जागेत ते १९७६ पासून चालू आहे. आधी विचारून जा. कोलकात्याला जाणार असाल तर पोचण्याचा दिवस गुरुवार धरू नका. त्या दिवशी मदर हाउस बंद असतं आणि स्वयंसेवकांनाही सुट्टी असते.